जाळी कुठल्या दाराला

सोमवार, २८ जुलै २०२५. श्रावणी सोमवार.

गेल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत मागची तीस-पस्तीस पानं कोरी राहिलीत. कोरा कागद रद्दीत घालणं माझ्याच्यानं होत नाही. हिशेबात न मावणाऱ्या गोष्टी तिथं लिहाव्यात असं आज उपास सोडताना ठरवलं.

कारणही तसंच घडलं. केडगावहून व्याह्यांचा, बापूसाहेबांचा, फोन आला. आमची सूनबाई नीलम बाळंतपणाला माहेरी गेली त्याला पाच महिने होतील. नात अडीच महिन्यांची झाली. मी तिला दोनदा पाहिलं, एकदा दवाखान्यात आणि एकदा बारशाला. मी म्हटलं, "गणपतीच्या आत पाठवा. यंदा गौरीपुढं आमची छकुली बसायला पाहिजे."

तर म्हणाले, "पाठवतो की ताई. आमी काय ठिवून घेतोय व्हय? पन तुमच्याकडं वढ्याचे डास लय. दिवस ऱ्हायल्यावर चौथ्या महिन्यात नीलमला डेंग्यू झाला तवा आमचं निम्मं रगत आटलं. दाराला जाळी बसू द्या, लगेच पाठवतो."

म्हणजे आमचं घर माणसांचं नाही, डासांचं. डेंग्यू काय आमच्या ओढ्यालाच होतो? केडगावचे डास काय माळकरी आहेत?

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बसवू की मग जाळी." डेअरीतून रिटायर झाल्यापासून ह्यांचं सगळ्याला "बसवू की", "आणू की" असतं. आणायचं मात्र मी.

शुक्रवार, १ ऑगस्ट. जिवतीची पूजा.

जिवतीला पुरण केलं. लेकराबाळांना औक्ष मागितलं. जिवतीच्या कागदावर पाळण्यातलं बाळ बघून छकुली आठवली आणि दुपारी उन्हाचीच जाळीच्या दुकानात गेले. दुकान पोपट नावाच्या माणसाचं. तोच मालक, तोच मापं घेतो, तोच बसवतो. आणि नाव सार्थ करतो. तोंड मिटत नाही.

"काकू, जाळीत चार प्रकार हायेत," म्हणाला. पहिली चिकटपट्टीची. ती खिडकीला. दुसरी चुंबकाची, पडद्यासारखी दोन भागांत, मधून माणूस गेला की आपोआप चिकटते. तिसरी रोलरची. ओढली की येते, सोडली की सटकन डबीत जाते. त्यानं सोडून दाखवली. असा फटका बसला की दुकानातली पाल पडली. हातात बाळ असताना ही सुटली म्हणजे? चौथी घडीची. तिला तो 'प्लिटेड' म्हणतो. पंख्यासारख्या घड्या पडतात, बाजूला सरकवली की वीतभर जागेत मावते, नको तेव्हा दिसतसुद्धा नाही. मी म्हटलं, "ह्याला प्लिटेड म्हणून एवढा भाव? मग आमच्या नऊवारीच्या निऱ्यांचं काय घ्याल?"

"काकू, निऱ्यांतनं डास जातो, हिच्यातनं न्हाई जात."

उद्धट. भाव चौरस फुटावर सांगतो. पुढच्या दाराचे पैसे ऐकून मी पाणी मागितलं. पाणी मात्र फुकट दिलं.

बुधवार, ६ ऑगस्ट.

ह्यांनी आठवडे बाजारातून चुंबकाची जाळी आणली. स्वस्त. "ट्राय करू की," म्हणाले. मीच खिळ्यांनी ठोकली. वर गणेशपट्टी आहे, तिला धक्का लागू दिला नाही.

शेजारच्या भागुबाई दुपारी वाटीभर विरजण घ्यायला आल्या. आमचं दार दिवसभर उघडं असतं, येणारा सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतो. त्यात कुणाला काही वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. तर भागुबाई नेहमीच्या वेगानं आत शिरल्या आणि जाळी त्यांच्या डोक्यावरून, अंबाड्यावरून, थेट गळ्यापर्यंत. चुंबकं सगळी पाठीमागं चिकटली. सत्तरीची बाई मुंडावळ्या बांधलेल्या नवरीगत उभी.

"अगं सोडव गं! माशासारखं धरलं का काय मला?"

विरजणाची वाटी फुटली. माझीच होती, गेल्या खेपेला नेलेली. जाळी संध्याकाळी उतरवली. तिचे आता भाजी ठेवायला दोन झोळे होतील.

शनिवार, ९ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा.

नीलमचा फोन आला. ओवाळणी, राखी, सगळं बोलून झालं, मग म्हणाली, "आई, जाळीचं ठरलं का?"

मी चारी प्रकार सांगितले, भागुबाईंची नवरीही सांगितली. हसली. मग म्हणाली, "कुठल्या दाराला बसवताय?"

"कुठल्या म्हणजे? पुढच्या. डास काय मागच्या खोलीत जन्माला येतात?"

"आमच्या खोलीला आधी बसवली तर?"

आता ह्या पोरीला बीएस्सी करून काय मिळालं? चोर पुढून येतो आणि हिला कुलूप आतल्या खोलीला हवं. मी म्हटलं, "खोलीला पडदा आहे की."

छकुली रडते म्हणून तिनं फोन ठेवला. मला काही रडणं ऐकू आलं नाही.

खोलीचं लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आम्ही सुनेला दारावाचून ठेवलं. खोलीला दार होतं. लग्नाच्या आदल्या पावसाळ्यात ते फुगलं, लागेना आणि उघडेना. काढलं. चांगली सागाची फळी, तिची माळ्यावर भांड्यांना मांडणी केली. पडदा मी स्वतः शिवला, माझ्या इरकलीचा. शिवाय लोखंडी कपाट त्याच खोलीत. त्यात हिशेबाच्या वह्या, देवाचं चांदीचं, ह्यांची औषधं. दिवसातून दहादा मला तिथं जावं लागतं. पहाटे पाचला धूप फिरवताना जाते, रात्री वही ठेवायला जाते. दार असतं तर प्रत्येक वेळी उघड-झाक. माझ्या घरात मी काय चोर आहे?

मंगळवार, १२ ऑगस्ट. अंगारकी.

उपासाचा दिवस आणि पोपट माप घ्यायला आला. घडीचीच घ्यायची हे मी ठरवून टाकलं होतं. त्याचं कारण पैसा नव्हे, ती सगळ्यांत महाग आहे. कारण दिवेलागण. तिन्हीसांजेला पुढचं दार लावायचं नाही, लक्ष्मी येण्याची वेळ ती. घडीची जाळी तेवढा वेळ बाजूला सरकवून ठेवता येते, जणू नाहीच. हे पोपटला सांगितलं.

तो टेप हातात धरून माझ्याकडं बघतच राहिला. "काकू, डास बी त्याच टायमाला येत्यात."

"येऊ देत."

"मग जाळी कशाला?"

"बाकीच्या वेळेला."

"बाकीच्या टायमाला डास येतच न्हाईत काकू."

माणसानं आपल्या धंद्यापुरतं बोलावं. देवाधर्मातलं ह्याला काय कळतंय? पुढं म्हणाला की खालची पट्टी उंबऱ्याला स्क्रूनं बसवावी लागेल. मी ड्रिल हातातून काढून घेतलं. रोज ज्याला हळदकुंकू वाहते त्याला भोकं पाडायची? "डबल टेप लावतो मग," म्हणाला. उंबऱ्याला टेप! पण स्क्रूपेक्षा बरी.

आमच्या मुलाची, माऊलीची, रात्रपाळी होती, तो रांजणगावच्या कंपनीतून सकाळीच येऊन झोपला होता. आमचं बोलणं ऐकून उठला. लहानपणापासून अबोल, नाव माऊली ठेवलं ते अंगाला चिकटलं. पोपटला सोडायला फाटकापर्यंत गेला. तिथं दोघं पंधरा मिनिटं बोलत होते. मग पोपट परत आत आला, म्हणाला, "काकू, पाणी," आणि पाणी पिता पिता घरभर फिरला. पुरुषांना जाळीत एवढं बोलण्यासारखं काय असतं देव जाणे. आगाऊ रक्कम माऊलीनंच दिली.

शनिवार, १६ ऑगस्ट. गोपाळकाला.

केडगावला जाऊन आले. न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत एसटी, पुढं रिक्षा. पोपटकडून जाळीचा वीतभर तुकडा मागून घेतला होता, दाखवायला. बाळंतविडा, डिंकाचे लाडू, आणि छकुलीला झबली, ह्यांच्या जुन्या मऊ धोतराची. नवं कापड टोचतं.

विहीणबाई पुतळाबाई मला बघून उठल्या, पाणी दिलं, म्हणाल्या, "नीलम आत पाजती. जरा टेका." आणि नीलमच्या खोलीपाशी जाऊन दार वाजवलं. दोन बोटांनी, टकटक. आतून "आले" असा आवाज आला तेव्हा कुठं ह्या बाई आत गेल्या.

मी बघतच राहिले. पोटच्या लेकीच्या खोलीत जायला दार वाजवायचं? आई आहे का पोस्टमन? आमच्याकडं असलं परकेपण नाही. मी सुनेच्या खोलीत कधी विचारून गेले नाही. आपलं माणूस म्हटल्यावर विचारायचं काय?

छकुलीला मांडीवर घेतलं. वजन धरलंय. नाक आमच्या घराण्याचं. नीलमही भरली आहे, तोंडावर तेज आलंय. आमच्याकडं होती तेव्हा कायम ओढलेली दिसायची, मी म्हणायचे रक्त कमी आहे, बीट खा.

जाळीचा तुकडा सगळ्यांच्या हातातून फिरला. बापूसाहेबांनी फुंकर मारून पाहिली. नीलमनं तो बोटांत धरून विचारलं, "पुढच्या दाराला ना?"

"पुढच्याच. दिवेलागणीला सरकवून ठेवायची, बाकी बंद."

"आणि कपाट, आई? तिथंच का?"

"कपाट कुठं जाणार? लोखंडी आहे, चार माणसं लागतात."

तिनं तुकडा घडी करून माझ्या हातात ठेवला. बापूसाहेब छताकडं बघून म्हणाले, "बघू ताई, गणपतीचं बघू. घाई कशाला?" पुतळाबाईंनी भाजी वाढायला घेतली. जेवताना कुणी जाळीचं नाव काढलं नाही. जाळी हवी म्हणून हटून बसणारी हीच माणसं ना? मग घेतेय म्हटल्यावर तोंडं का पडली? ह्यांना जाळी नको आहे, ह्यांना निमित्त हवं आहे.

निघताना मी "येते" म्हटलं. नीलम दारापर्यंत आली, वाकून नमस्कार केला. "या," म्हणाली. आपण स्वतः कधी येणार, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

रविवार, १७ ऑगस्ट.

माळ ओढायला बसले, मन लागेना. खरं लिहायचं तर लिहावं. ती डासांमुळं राहिली नसेल तर कशामुळं? माझ्यामुळं? मी तिला वाकडं बोलले का? एकदा. दुधाची पिशवी नीट पिळली नाही म्हणून. एकदा साबणावरून. आणि एकदा भागुबाईंदेखत म्हटलं की शिकलेल्या पोरींना अंथरुणाची घडी घालता येत नाही. पडदा बाजूला केला तर साडेपाचला अंथरूण तसंच, ती दोन्ही हातांनी पदर धरून बसलेली, आणि माझ्या मागं भागुबाई. त्यावर भागुबाई हसल्या. ती हसली नाही. पण एवढ्यावरून कुणी पाच महिने माहेरी राहतं का? माझी सासू मला भरल्या पंगतीत बोलली होती, मी दुसऱ्या दिवशी तिचे पाय चेपले.

छे. डासच. तो डेंग्यू मनात बसलाय.

गुरुवार, २१ ऑगस्ट.

पोपटनं जाळी आणली. आणि तिच्या मापात घोळ!

पुढच्या दाराला धरली तर दोन्हीकडून वीत-वीत फट. उंचीलाही कमी. मी म्हटलं, "अरे पोपटा, टेप धरून तू काय मोजलंस, माझं कपाळ?"

त्यानं माऊलीकडं बघितलं. माऊलीनं जमिनीकडं बघितलं.

"काकू, मापाची ऑर्डर हाय, परत न्हाई घेता येत. आतल्या दाराला बराबर बसंल बगा."

"आतल्या कुठल्या?"

"माऊलीदादांच्या खोलीच्या."

गेला, धरून पाहिली, आणि खरंच बोटाचाही फरक नाही. चुकून झालेलं काम एवढं नेमकं मी आयुष्यात पाहिलं नाही. चुकीचं माप घेणारा आणि वर ती चूक खपवायला जागा शोधून देणारा, असला कारागीर मिळायला भाग्य लागतं. पुढच्या दाराला नवी करायची तर आणखी तेवढेच पैसे. आणि ही फेकून द्यायची? माऊली म्हणाला, "आई, असू दे. बसवू दे आतच. आता केलीय तर."

बसवली. तिथं उंबरा नाही, फरशीला पट्टी चिकटली. राखाडी जाळी, सरकते मात्र लोण्यासारखी. मागं माझा इरकलीचा पडदा तसाच. पोपटनं मधल्या दांडीला बोटाएवढी एक खिट्टी दाखवली. "ही आतनं लागती. लेकरू रांगायला लागलं की बाहेर येऊ नये म्हनून." तीन महिन्यांचं लेकरू! विकण्यासाठी माणसं काय काय शोधतात.

संध्याकाळी माऊलीनं केडगावला फोन लावून माझ्या हातात दिला. मी पोपटचा सगळा मूर्खपणा नीलमला सांगितला. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "आई, ती आतून लागते का?"

"लागते की. खिट्टी आहे."

मग म्हणाली, "रविवारी येतो आम्ही. अमावास्या संपली की."

पुढचं दार उघडंच आहे, ओढा तिथंच आहे, डास आहेत तेवढेच आहेत, आणि ही येते म्हणते! बीएस्सीचं गणित मला कधी कळलं नाही. मी फोन ठेवला आणि देवापुढं साखर ठेवली.

रविवार, २४ ऑगस्ट.

आली. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, छकुलीच्या कपाळाला उंबऱ्याची हळद लावली. बापूसाहेब जेवून लगेच परत गेले. जाताना पुढच्या दाराकडं बघितलं, जाळी दिसली नाही तरी एक अक्षर बोलले नाहीत. बाहेर माऊलीच्या पाठीवर थाप मारली. कशाबद्दल ते कळलं नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट.

पहाटे पाचला धुपाटणं घेऊन गेले. पडदा ओढलेला, त्याच्यापुढं जाळी. नेहमीसारखा हात लावला. सरकेना. खिट्टी.

धूप धरून उभी राहिले. ह्या घराचा पाया भरताना चांदीची मासोळी मी टाकली, प्रत्येक विटेचा हिशेब माझ्याकडं, आणि माझ्याच घरात मी दारी आलेल्या जोगत्यासारखी उभी! वाटलं, धुपाटणं तिथंच आपटावं. डोळ्यात धूर गेला. मग हाक मारली, "नीलम." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही, इतका हळू.

"आले आई."

दोन मिनिटं लागली. जाळी सरकली. केस नीट बांधलेले, पदर सावरलेला. आणि हसतमुख! लग्नाला अडीच वर्षं झाली, पहाटे पाचला हिचं हसरं तोंड मी पाहिलं नव्हतं. तिनं छकुलीला उचलून आपण होऊन माझ्या हातात दिलं. "तुमच्याकडं राहील का तासभर? रात्री झोपू दिलं नाही हिनं." आधी होतं का असं? बाळ नव्हतं, हे खरं. पण साधी झोप आली असंही ती मला कधी म्हणाली नव्हती.

मी छकुलीला घेऊन देवघरात बसले. तिला निरांजनाकडं बघायला फार आवडतं. तास कसला, साडेसातला नीलम उठली. साडेसातला! मी काही बोलले नाही. बोलणार होते.

दुपारी वही हवी होती. पुन्हा जाळी, पुन्हा हाक. चौथ्या खेपेला कंटाळा आला. हिशेबाच्या वह्या आणि औषधं काढून स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवली. तेवढीच पायपीट वाचली. हे आधीच का सुचलं नाही?

मंगळवार, २६ ऑगस्ट. हरतालिका.

उद्या गणपती. निर्जळी उपास, घर धुतलं, मखर बांधायचं आहे. दिवेलागणीला पुढचं दार उघडं, डास आले, त्यांचं स्वागत कडुलिंबाच्या धुरानं केलं. छकुली आत जाळीत, आईजवळ. एकही चावला नाही. पोपटची चूक कामाला आली म्हणायची.

तेवढ्यात भागुबाई आल्या. हरतालिकेची पत्री मागायचं निमित्त, खरं तर नात बघायची. "कुठं हाय आमची छबी?" म्हणत सरळ खोलीकडं निघाल्या, जाळीला हात घातला.

मी वाळू आणि पत्री तशीच टाकून मध्ये जाऊन उभी राहिले. "थांबा. आधी हाक मारा."

"आँ? आतमदी नीलमच हाय ना?"

"तीच आहे. म्हणून."

भागुबाई माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. "हे तुमच्याकडं कवापासनं सुरू झालं, बाई?"

व्रताचा दिवस, समोर गौरी-महादेव, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि मी सरळ खोटं बोलले.

"आमच्याकडं पहिल्यापासून असंच आहे," म्हटलं.